आतली माया

धाराशिवहून बेंबळीकडं येताना रस्त्यावर दोन मोठे दगड पडले होते. उसाची ट्रॉली बिघडली की चाकाला दगड लावायचा, दुरुस्ती झाली की ट्रॉली घेऊन निघायचं आणि दगड मागून येणाऱ्याच्या नशिबावर सोडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. माझ्यापुढं एक लुना चालली होती. ती थांबली. पांढरी टोपी घातलेला, पाठीत वाकलेला एक माणूस उतरला. त्यानं एकेक करून दोन्ही दगड बाभळीखाली नेऊन टाकले, हात झटकले, लुनाला दोन पायडल मारले आणि गेला. रमजानचे दिवस, दुपारचे साडेतीन, घशाला कोरड पाडणारं ऊन. गाठल्यावर ओळखलं. आमचे टेलरमास्तर.

मी निघालोही होतो त्यांच्याकडंच. वडिलांचा कोट होता, त्यांनीच शिवलेला, पंचवीसएक वर्षांपूर्वीचा. वडील गेले. भाचीच्या लग्नात तो घालावा असं मनात आलं, पण पुण्याच्या खुर्चीत बसून माझं पोट वडिलांच्या मापाबाहेर गेलंय.

बाजाराच्या रस्त्याला पुढं दुकान, मागं घर. दुकानात एक मशीन, एक लाकडी बाक, आणि संध्याकाळच्या वेळी त्या बाकावर गुरुजी. गावात मास्तर म्हणजे टेलर आणि गुरुजी म्हणजे शिक्षक, त्यामुळं घोटाळा होत नाही. दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत एका बाकावर बसले. गिऱ्हाइकासमोर एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतात आणि वाद तापला की ‘तू’वर येतात. गुरुजींच्या घरात वारी आहे, गुरुजींच्या गळ्यात माळ नाही. विनोबा वाचतात, गाडगेबाबांचं नाव निघालं की हात जोडतात, देवळात मात्र चप्पल सांभाळायलाच जातात.

“चाचा, दगड उचलताना बघितलं तुम्हाला,” मी कोट ठेवत म्हणालो.

मास्तरांनी कातर थांबवली. “बघितलंस ते बघितलंस. सांगायची काय गरज होती?”

गुरुजी सावरून बसले. “का हो मास्तर, पुण्य सांडलं काय?”

“सांडत नाही गुरुजी. पण झाकण उघडं राहिलं की मुंग्या लागतात.”

“बरं, मला सांगा. त्याच रस्त्यानं मी आलो असतो, आणि माझा टायर फुटू नये म्हणून दगड उचलला असता. तुम्ही उचलला अल्लासाठी. मागून येणाऱ्याला काय फरक पडला?”

“काहीच नाही.”

“मग?”

“फरक मला पडतो ना. तुमचा टायर वाचला, तुमचं काम झालं. माझं काम तिथून सुरू झालं. आता पुढचा दगड दिसला आणि मी नुसता वळसा घालून गेलो, तर मला झोप लागणार नाही.”

“म्हणजे गाडगेबाबा,” गुरुजी म्हणाले. “गावात शिरले की आधी खराटा, मग कीर्तन. पण बाबांनी कुणाला विचारलं नाही, की बाबा रे, तू झाडतोस ते कुठल्या नियतीनं? त्यांनी बघितलं गटार साफ झालं का नाही ते.”

(मराठीत नियत या शब्दाला विभक्ती लावली की त्याची नियती होते आणि सगळंच दैवावर गेल्यासारखं वाटतं. पण शब्द आपलाच झालाय. शेजाऱ्यानं बांध कोरला की आपण म्हणतो, त्याची नियत फिरली. तिथं कुणालाही कोश उघडावा लागत नाही.)

मास्तर म्हणाले, “आमच्यातही रस्त्यातली अडचण दूर करणं इमानचीच एक फांदी. सगळ्यात खालची, पण फांदी. हे मी मनानं नाही सांगत, हदीस आहे, पैगंबरांचं वचन. आणि नियतीचं म्हणाल तर बुखारीच्या ग्रंथात पहिली हदीस तीच. हजरत उमर सांगतात, की पैगंबरांनी म्हटलं, अमल, म्हणजे कृती, ज्याच्या त्याच्या नियतीवर. मक्केहून मदिनेला माणसं निघाली. वाट एक, ऊन एक, वाळू एक. कुणी अल्ला-रसूलसाठी निघाला, कुणी दुनियेसाठी, कुणी एका बाईशी लग्न लावायला. ज्याचं त्याला. लग्नासाठी निघाला त्याला कुणी वाटेतून हाकललं नाही. पण त्याची हिजरत लग्नाची.”

“आणि लग्न वाईट असतं?”

“छे! लग्नसुद्धा इबादत होतं. बायकोच्या तोंडात घातलेला घाससुद्धा. साद इब्न अबी वक्कास आजारी होते, त्यांना पैगंबरांनी स्वतः सांगितलंय.”

आतून भांड्याचा आवाज आला. चाचींनी ऐकलं असावं.

मग मास्तरांनी मला आदत आणि इबादत यांतला फरक सांगितला. तो त्यांनी मौलवींच्या बयानात ऐकलेला, पण सांगताना स्वतःच्या दुकानातला करून सांगितला. फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, जाणकारांनी नियतीचं एक काम असं ठरवलंय, की सवयीनं केलेलं आणि बंदगी म्हणून केलेलं यांच्यात रेघ मारायची. उकडतंय म्हणून माणूस अंघोळ करतो, पाक व्हायला म्हणूनही करतो. पाणी तेच, बादली तीच.

“मीसुद्धा सकाळपासून जेवलो नाही,” गुरुजी म्हणाले. “पित्त झालंय. माझा रोजा धरा.”

“धरला असता. पण तुम्ही मघाशी चहा घेतलाय, तोही माझ्यासमोर.”

रेघ कुठं मारायची यावरही मतभेद आहेतच. मास्तरांचे जावई रत्नागिरीकडचे. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई विचारशाखेचे, आपल्या मराठवाड्यातले हनफी. शाफईंच्या मते नियत केल्याशिवाय वजू, म्हणजे नमाजआधीची हातपाय धुण्याची शुद्धी, होतच नाही. हनफी म्हणतात, नदीत बुडी मारली आणि धुवायचे ते अवयव धुतले गेले तर वजू झाला, नमाज चालेल. मात्र वजूचा सवाब, म्हणजे पुण्य, हवा असेल तर नियत लागेल. सासऱ्या-जावयांत यावर एकदा रात्रभर चर्चा झाली म्हणे. मला ही हनफी वाट फार आवडली. काम झालं हे मान्य, पण त्याचं मोल वेगळ्या वहीत. गुरुजींचा आणि मास्तरांचा अर्धा वाद तिथंच मिटायला हरकत नव्हती. मिटला नाही.

“वही!” गुरुजींनी शब्द पकडला. “हेच मला खटकतं. तुमच्या या सगळ्यात फार हिशोब आहे मास्तर. तुम्हीच मागं सांगितलं होतं, चांगल्या कामाचा नुसता पक्का इरादा केला आणि काम झालं नाही, तरी एक नेकी जमा. केलं तर दहा, आणि पुढं सातशेपर्यंत. अशी बँक असती तर चार दिवसांत बुडाली असती.”

“बँक माणसाची असती तर बुडाली असती.”

“विनोद सोड. फायद्यासाठी केलेलं चांगलं काम ते कसलं चांगलं?”

‘सोड’ म्हणाले. वाद ‘तू’वर आला होता. मास्तरांनी माझा कोट उलटा करून अस्तर उसवायला घेतलं. म्हणाले, “बसऱ्याला राबिया म्हणून एक बाई होऊन गेल्या, पार हजार-बाराशे वर्षांपूर्वी. गोष्ट सांगतात, की एका हातात पेटता पलिता आणि दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं घेऊन त्या निघाल्या. कुठं, तर स्वर्ग जाळायला आणि नरक विझवायला. म्हणजे मग लालूच आणि भीती सोडून लोक अल्लाला नुसतं अल्लासाठी मानतील. तर तुझी शंका तिनं आधीच काढलीय. पण मी काय राबिया नाही. मी शिंपी आहे. मला हिशोब लागतो. हिशोब असला की मी रोज येतो.”

हे प्रामाणिक होतं. गुरुजी गप्प बसले, पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नाही.

“ठीक. पण मग दुसरी बाजू बघ. पाणपोई घाला, तिच्यावर वाढदिवसाचा फलक, फलकावर हात जोडलेला फोटो. माठ पाव भरलेला आणि फोटो पूर्ण. त्याची नियत काय असेल?”

“ते मी सांगू शकत नाही.”

“फोटोच सांगतो की!”

“तो त्याचा आणि अल्लाचा मामला. नियत ही दुसऱ्याची मोजायची चीजच नाही. टेप माझ्या गळ्यात आहे म्हणून मी रस्त्यानं जाणाऱ्याचं माप घेत सुटत नाही. आणि उघड देऊ नये असंही नाही. कुराणात आहे, उघड दिलं तरी चांगलं, लपवून गरिबाला दिलं तर जास्त चांगलं. माठ भर म्हणून त्याला सांगेन. फोटोचं सांगणार नाही.”

मग मास्तरांनी ती तिघांची हदीस सांगितली. कयामतीच्या दिवशी ज्यांचा निवाडा पहिला होईल त्यांत एक लढाईत मेलेला, एक इल्म शिकून दुसऱ्याला शिकवणारा आणि एक दानशूर. तिघंही आपापलं काम मोजून दाखवतील. आणि तिघांनाही सांगितलं जाईल, की लोकांनी तुला शूर म्हणावं, विद्वान म्हणावं, दाता म्हणावं म्हणून तू केलंस. ते म्हणून झालं. आणि तिघांना तोंडावर ओढत आगीत नेलं जाईल.

“म्हणजे पहिल्या तिघांतच मास्तर!” गुरुजी हसले. “शाळेतला.”

“शिंपी कुठंच नाही, बघ.”

“शिंप्याचं वेगळं प्रकरण असेल. कापड मारणाऱ्यांचं.”

“आहे ना. सूरच आहे, मापात मारणाऱ्यांवर. घेताना भरून घेतात आणि देताना कमी देतात त्यांच्यावर. आमच्या वालिदांनी मशिनीवर बसवायच्या आधी मला त्याचाच अर्थ सांगितला. सव्वादोन मीटर लागत असताना अडीच मीटर आणायला लावायचं, उरलेलं दडपायचं, वर शुक्रवारी अत्तर लावून पहिल्या रांगेत उभं राहायचं. त्यात नियत चांगली असून उपयोग काय? चोरीच्या पैशाची खैरात होत नाही. हराम गोष्ट नियतीनं इबादत होत नाही. जी गोष्ट चालते, जिच्यात ना गुनाह ना सवाब, तीच नियतीनं वर चढते. खाणं, झोपणं, धंदा, दगड.”

अत्तरावरून मला इमाम गझालींची आठवण झाली. ११११ साली वारलेल्या या तूसच्या विद्वानानं ‘इह्या’ या ग्रंथात नियतीवर स्वतंत्र प्रकरण लिहिलंय, आणि त्यात अत्तराचंच उदाहरण आहे. ऐपत मिरवायला लावलेलं अत्तर वेगळं. मशिदीचा मान म्हणून, शेजारी बसणाऱ्याला आपल्या घामाचा त्रास होऊ नये म्हणून लावलेलं वेगळं. कुपी तीच. पण गझालींची खरी मेख पुढं आहे. ते म्हणतात, की मनातल्या मनात ‘मी अमुक नियत करतो’ असं म्हणणं ही नियतच नव्हे. जेवून तट्ट झालेल्या माणसानं भूक लागण्याची नियत केली तर भूक लागेल का? नियत ही मनाची ओढ आहे, ती असते किंवा नसते.

मी हे सांगितलं तेव्हा मास्तर उसवायचे थांबले. “हे खरं आहे. लहानपणी नमाजची नियत आम्हाला उर्दूतून पाठ करून घेतली. किती रकात, कुठल्या वेळेची, तोंड कुठं. तोंड घडाघडा म्हणतं आणि मन असतं काज-बटणात. दोन-दोन रकाती मी अशा पढल्यात की त्यांत फक्त शर्ट होते.”

गुरुजींना हवी होती ती फट सापडली. “मग दगडाच्या वेळी काय होतं मनात? खरं सांग.”

मास्तरांनी विचार केला. “खरं सांगू? काहीच नव्हतं. दगड दिसला. मागं हा येत होता, ते मला माहीत नव्हतं. कुणाची तरी फटफटी येईल, पोरं असतील पाठीमागं, असं वाटलं. उतरलो.”

“अल्लाचं नाव?”

“उचलताना बिस्मिल्ला म्हटलं असेल. कंबर दुखते माझी.”

“म्हणजे सवय. आदत. तुझ्याच रेघेच्या अलीकडं.”

मास्तर बोलले नाहीत. अस्तर सुटलं होतं. त्यांनी कोटाची बाजूची शिवण उलगडून उजेडात धरली आणि मला म्हणाले, “इकडं ये, बघ.”

शिवणीच्या आत कापड दुमडून ठेवलेलं होतं. दोन्ही बाजूंना चांगलं बोट-बोटभर. बाहेरचं कापड पंचवीस वर्षांच्या उन्हानं विटलेलं, आतलं मात्र गडद, दुकानातून आणल्यासारखं. टेलर लोक त्याला माया म्हणतात. पुढं माणूस अंगानं भरला तर सोडता यावी म्हणून आत राखलेली माया. मराठीत हा शब्द कुणी पहिल्यांदा शिवणीत घातला ठाऊक नाही, पण त्याला शिवण आणि माणूस दोन्ही कळत असले पाहिजेत.

“तुझ्या वडिलांनी कापड मापातच आणलं होतं. त्यातून काढली. बाहेरून दिसत नाही, मजुरीत धरता येत नाही, उलट वेळ जातो. तेव्हा तुझे वडील असे काटक होते, ते भरणार नाहीत हे दिसत होतं. मग कुणासाठी ठेवली? मला आठवत नाही. ठेवायची म्हणून ठेवली.”

“म्हणजे नियत नव्हती,” गुरुजी म्हणाले, पण आवाज उतरला होता.

“तू सांग आता. तुला इतकं कळतं.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “तुमच्यातलीच गोष्ट तुला सांगतो, तूच मला सांगितलेली. कुत्रं तहानेनं धापा टाकत होतं. एका बदनाम बाईनं पायातला मोजा की जोडा काढला, विहिरीत सोडला, पाणी काढून त्याला पाजलं. तिचे सगळे गुनाह माफ. तिनं कुठं नियत केली होती? तिनं कुठं हिशोब बघितला? कुत्रं दिसलं, पाणी पाजलं.”

“त्या घडीला तिच्या मनात दुसरं कोण होतं?”

“कुणीच नाही. कुत्रं.”

“बास की मग.”

गुरुजींनी मान हलवली. ती होकाराची होती की नव्हती हे मी ठरवू शकलो नाही. मला स्वतःला त्या गोष्टीत मास्तरांपेक्षा गुरुजींची बाजू भक्कम वाटते. पण ती बाजू मांडायला गुरुजींना हदीसच घ्यावी लागली, हेही खरं.

आतून मास्तरांची मुलगी आली. लातूरला नर्सिंगला आहे, सुटीत आलेली. गुरुजींच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळं त्यांच्यासमोर बोलायला घाबरत नाही. हातात वाटी होती. “गुरुजी, अम्मी म्हणते मीठ बघा. आम्हा सगळ्यांचे रोजे आहेत, चाखायला माणूस नाही.”

गुरुजींनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटून विचार केला, “चिमूटभर कमी,” म्हणाले. मग मास्तरांकडं वळून, “ही पण इबादत का?”

“तुमच्या नियतीवर आहे.”

“मला भूक लागली होती.”

सगळे हसले. पण गुरुजींच्या मनातलं संपलं नव्हतं. वाटी परत देताना म्हणाले, “मास्तर, गमतीचं सोडा. मला चांगल्या नियतीची भीती का वाटते सांगू? माझं आजोळ तेर. गोरोबाकाकांचं गाव. लहानपणापासून ती गोष्ट ऐकलीय. चिखल तुडवताना नामात इतके रंगले, की पायाखाली लेकरू आलं ते कळलं नाही. कीर्तनात पुढं देव येतो, लेकरू परत मिळतं, लोक टाळ्या वाजवतात. मी मात्र त्या आईपाशीच अडकून राहतो. काम तेच, माती तीच, नियत तर पांडुरंगाची. आणि पाय कुणावर पडला?”

दुकानात थोडा वेळ कुणी बोललं नाही. बाहेरून कडब्याची गाडी गेली.

“त्र्याण्णवला मी सास्तूरकडं होतो,” गुरुजी पुढं म्हणाले. “३० सप्टेंबर. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटेचे चार वाजायला आले होते. भूकंप झाला. माळवदाची घरं, दगडमातीच्या रुंद भिंती, सगळं अंगावर आलं. पुढं मदत सुरू झाली. ट्रकच्या ट्रक कपडे. फाटके स्वेटर, लग्नातले सूट, एकेका पायाचे बूट. ज्या बायांनी जन्मात लुगड्याशिवाय काही नेसलं नाही त्यांच्यापुढं नायलॉनचे झगे. ढीग पावसात भिजले, कुजले. पाठवणाऱ्यांची नियत वाईट होती का? मुळीच नाही. रडत रडत पाठवले असतील. पण आपल्याला काय नकोय ते पाठवलं, समोरच्याला काय हवंय ते बघितलं नाही.”

“आठवतं मला,” मास्तर म्हणाले. “त्यातलं एक पोतं वालिदांनी इथं आणलं होतं. सगळं उसवून तुकडे केले आणि वाकळा शिवल्या. मी रोज रात्री टाके घालत होतो. किती झाल्या मोजल्या नाहीत.”

“मोजायच्या नसतात वाटतं आता?”

“चिडवू नको. तुझं म्हणणं मला पटतंय. पण गुरुजी, नियत चांगली असली की झालं, असं आमच्याकडंही नाही. चुकून माणूस मेला, मारायचं मनात नव्हतं, तरी कुराण सुटका देत नाही. मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई द्या, वर गुलाम मुक्त करा, नाही जमलं तर सलग दोन महिने रोजे धरा. म्हणजे नियत साफ, तरी हात भरलेला. आणि काम नीट करणं हा तर हुकूमच आहे, प्रत्येक गोष्टीत. बकरं कापायचं तरी सुरी धारदार पाहिजे, त्याला तडफडवायचं नाही. आपल्या उस्मानाबादी शेळीचं नाव देशभर आहे, तिच्यावर तेवढे उपकार तर करा! बोथट सुरी आणि तोंडात अल्लाचं नाव, हे चालत नाही.”

“हे वेगळं झालं. हे तर विनोबांजवळ आलं,” गुरुजी म्हणाले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत बाहेरचं कर्म आणि त्याला आतून जोडलेलं मन, ज्याला ते विकर्म म्हणतात, यांची सांगड आहे. ती बसली की कर्माचं ओझं वाटत नाही. गुरुजी त्यावर बोलू लागले की दिवस मावळतो. आज सूर्य आधीच मावळतीला लागला होता.

मुलगी दारातच उभी होती. म्हणाली, “मी एक विचारू का अब्बा?”

“विचार.”

“अम्मी पहाटे तीनला उठली सहरीला. आता चारपासून चुलीपुढं आहे, उपाशीपोटी, आणि मीठसुद्धा चाखता येत नाही. तुम्ही म्हणता ही इबादत. मशिदीतही म्हणतात. मोबाईलवर पण येतं, घरकाम करणाऱ्या बाईला किती सवाब. मला खरं वाटतं ते. पण मग एवढा सवाब असेल तर पुरुष लोक सोडून का देतात? इतर ठिकाणी तर पहिल्या रांगेसाठी भांडता.”

गुरुजींनी मांडीवर थाप मारली.

“हॉस्पिटलात पण तेच,” ती म्हणाली. “नर्सला म्हणतात, तुमचं काम म्हणजे सेवा. सेवा म्हटलं की डबल ड्युटी लावता येते. मी पेशंटची नस शोधताना मनात बिस्मिल्ला म्हणते, ती माझी नियत. ती माझ्याजवळ राहू दे. दुसऱ्यानं ती माझ्या कामाला चिकटवली, की मला हात आखडल्यासारखं होतं.”

मघाशी मास्तर जे पाणपोईवाल्याबद्दल म्हणाले तेच ती दुसऱ्या टोकानं म्हणत होती. दुसऱ्याची नियत मोजू नये, तशी दुसऱ्याच्या वतीनं ती करूही नये. पण मास्तरांना ते आपलंच वाक्य आहे हे लगेच ध्यानात आलं नसावं. ते हदीसकडं वळले.

“बेटा, हजरत आयशांना कुणी तरी विचारलं होतं, पैगंबर घरात काय करायचे. त्या म्हणाल्या, घरच्यांच्या कामात असायचे, आणि नमाजची वेळ झाली की निघायचे. आपले कपडेसुद्धा स्वतः शिवायचे, जोडे सांधायचे.”

“मग तुम्ही अर्धीच सुन्नत उचलली,” ती म्हणाली. “निघायची.”

आतून चाचींचं हसू ऐकू आलं. इतक्या वेळात पहिल्यांदा.

मास्तर काही बोलले नाहीत. माझा कोट त्यांनी अंगावर चढवायला लावला, नव्या रेघेवर खडू मारला. “दोन इंच मिळतील. शिवणीची जुनी खूण थोडी दिसेल. इस्त्रीनं जाते म्हणतात लोक, जात नाही.” मग थोडं कापड परत आत दुमडलं.

“चाचा, सगळी सोडा की. आणखी थोडं सैल बरं वाटेल.”

“सगळी नाही सोडत. तुझा पोरगा आहे ना.”

तेवढ्यात अजान झाली. खजूर, केळी, कलिंगडाच्या फोडी, कांदाभजी. गुरुजी नेहमीप्रमाणं पंगतीत बसले. त्यांना खजूर आधी देतात, कारण वय तेवढंच असून केस जास्त पिकलेत. मीठ बरोबर होतं. मास्तर मगरिबची नमाज पढून आले तेव्हा भांडी परातीत गोळा झालेली होती आणि मुलगी ती उचलायला वाकली होती.

“ठेव,” मास्तर म्हणाले. त्यांनी बाह्या दुमडल्या. मोरीपाशी जाऊन पाटावर बसले.

“आधी नियत करा,” बाकावरून गुरुजी म्हणाले. ‘करा’ म्हणाले, पुन्हा ‘तुम्ही’.

“झाली,” मास्तर म्हणाले. त्यांनी पाण्याचं भांडं जवळ ओढलं. मोरीच्या कट्ट्यावर बघितलं, कोनाड्यात हात घातला, फळीखाली वाकून बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून, जरा हळू आवाजात विचारलं,

“घासणी कुठं असते?”